दिवाळीनंतर ते मार्चअखेर: पुण्यातला जुना फ्लॅट हिवाळ्यात विकायचा असेल तर

पुण्यात घर विकायला काढलं की ओळखीचे दोन सल्ले हमखास मिळतात. एक, "दसरा-दिवाळी गेली, आता पाडव्यालाच गिऱ्हाईक येईल." दुसरा, "मार्चच्या आत विक, एप्रिलमध्ये दर वाढतात." दोन्ही अर्धवट खरे आहेत. आईवडिलांचा कोथरूडमधला फ्लॅट आम्ही भावंडांनी हिवाळ्यात विकला. त्यातून माझं मत असं झालं की घर बघणारा माणूस हिवाळ्यात भरपूर असतो, अडतं ते आपल्या कागदांपाशी. त्यामुळे 31 मार्च ही तारीख धरून उलटं मोजत यायचं आणि दिवाळीची पणती विझायच्या आत फाइल उघडायची.

हा लेख सोसायटीतल्या पुनर्विक्रीच्या फ्लॅटबद्दल आहे. दर पुणे महापालिका हद्दीतले आहेत. बंगला, प्लॉट किंवा गुंठेवारीचं प्रकरण वेगळं, त्याला हा लेख लावू नका.

1. आधी कॅलेंडर समोर ठेवा

दिवाळी संपल्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचे दिवस सगळ्यात मोलाचे. लोकांच्या हातात बोनस असतो, पाऊस गेलेला असतो, आणि मुलांची शाळा जूनपासून बदलायची असलेली कुटुंबं याच काळात बघायला सुरुवात करतात.

मग 16 डिसेंबरच्या सुमाराला धनुर्मास लागतो, तो संक्रांतीपर्यंत. या दिवसांत पुष्कळ लोक विसार, म्हणजे व्यवहार पक्का करायची आगाऊ रक्कम, देत नाहीत. घर बघतात, आवडतं, सासूबाईंना घेऊन परत येतात आणि म्हणतात, "संक्रांत होऊ दे, मग बोलू." यात घाबरून किंमत पाडू नका. ही नकाराची भाषा नाही. धनुर्मासात सोसायटी, बँक आणि नातेवाईक यांची कामं उरकायची.

संक्रांतीनंतर व्यवहार पटापट ठरतात. जानेवारीच्या शेवटी विसार झाला तर गृहकर्ज मंजूर होऊन दस्त नोंदवायला फेब्रुवारी-मार्च लागतो. फेब्रुवारीच्या शेवटी ठरलेला व्यवहार मार्चअखेरच्या गर्दीत सापडतो, कारण तेव्हा बँकेतला माणूसही टार्गेटमागे असतो आणि दुय्यम निबंधक कार्यालयातही रांग असते.

पाडव्याचा मुहूर्त हवा असेल तर तारीख आधी बघा. 2025 साली पाडवा 30 मार्चला, रविवारी आला. सोमवारी रमजान ईद होती आणि मंगळवारी, 1 एप्रिलला, नवे रेडी रेकनर दर, म्हणजे सरकारनं ठरवलेले जागांचे मूल्यदर, लागू झाले. त्या वर्षी राज्यात सरासरी 3.89 टक्के वाढ झाली. मुहूर्तावर विसार द्या, पेढे वाटा, पण दस्ताची तारीख मुहूर्ताला बांधू नका.

"एप्रिलमध्ये दर वाढतात" हे ऐकून घाई करण्याआधी एक हिशेब करा. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरचं मूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागतं. तुमच्या इमारतीत बाजारभाव रेडी रेकनरच्या बराच वर असेल, तर थोडीशी दरवाढ होऊन खरेदीदाराच्या खिशाला काहीच फरक पडत नाही. ही भीती घालून किंमत पाडून मागणारे एजंट भेटतात. त्यांना शांतपणे आकडे दाखवायला सांगा.

2. घर नक्की कोणाचं आहे, ते कागदावर ठरवा

सगळ्यात जास्त व्यवहार इथे अडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फ्लॅट वडिलांच्या नावावर होता, ते गेले आणि आई नॉमिनी आहे. मग आईनं सही केली की झालं, असं घराघरांत समजलं जातं. तसं होत नाही. नॉमिनीकडे सोसायटी व्यवहारापुरती बघते, मालकी वारसांची असते. मृत्युपत्र नसेल तर आई आणि सगळी मुलं, लग्न झालेल्या मुलींसकट, वारस. त्यांपैकी एकाचीही सही नसेल तर खरेदीदाराच्या बँकेचा वकील फाइल परत पाठवतो, आणि त्यानं तेच करायला हवं.

यावर दोन वाटा आहेत. सगळ्या वारसांनी विक्रीच्या दस्तावर सह्या करायच्या, किंवा बाकीच्यांनी एकाच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करायचं आणि मग त्या एकानं विकायचं. दुसऱ्या वाटेत दस्त सुटसुटीत होतो. पण हक्क सोडणाऱ्याचा पैशातला वाटाही कागदावर सुटतो, हे घरात मोकळेपणी बोलून घ्या. पैसे विभागून घ्यायचे असतील तर सगळ्यांनी विक्रेते म्हणून सह्या केलेल्या बऱ्या. कराचा हिशेबही मग ज्याचा त्याच्याकडे राहतो.

इथे हिवाळा उपयोगी पडतो. न्यू जर्सीची बहीण, लंडनचा भाऊ, दुबईचा पुतण्या ही मंडळी नाताळच्या सुट्टीत घरी येतात. त्यांची तिकिटं निघाली की लगेच वकिलाला मसुदा करायला सांगा आणि ती इथे असतानाच हक्कसोडपत्र किंवा कुलमुखत्यारपत्र नोंदवून घ्या. बहीण परत गेली की तिला तिथल्या भारतीय वकिलातीत वेळ घेऊन मुखत्यारपत्र साक्षांकित करावं लागतं, मूळ प्रत कुरियरनं इथे यावी लागते, आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. हे सगळं होतं, पण त्यात फेब्रुवारी जातो.

विक्रेत्यांपैकी कोणी अनिवासी असेल तर आणखी एक गोष्ट. त्याच्या वाट्यावर खरेदीदाराला नेहमीचा 1 टक्का नव्हे, बराच जास्त टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापावा लागतो, आणि तोही नफ्यावर नव्हे तर त्याला मिळणाऱ्या पूर्ण रकमेवर. कमी कपातीचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून आधी मिळवता येतं. त्याला काही आठवडे लागतात, म्हणून धनुर्मासाच्या शांत दिवसांतच सीएला कामाला लावा.

3. कागदांची फाइल

एका फाइलमध्ये मूळ कागद आणि दुसरीत झेरॉक्सचे दोन संच ठेवा. मूळ फाइल कोणाच्याही हातात देऊ नका, फक्त दाखवा.

- बिल्डरपासून तुमच्यापर्यंतचे सगळे नोंदणीकृत करार, त्यांच्या नोंदणी पावत्या आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयाचा दस्ताचा गोषवारा
- सोसायटीचं भागपत्र, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, तुमच्या नावाच्या नोंदीसह
- भोगवटा प्रमाणपत्र आणि मंजूर नकाशाची प्रत
- चालू वर्षाची मिळकतकर पावती, महावितरणचं ताजं बिल
- सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला
- कर्ज असेल तर बँकेचं थकीत रकमेचं पत्र आणि तिच्या ताब्यातल्या कागदांची यादी. कर्ज फिटलं असेल तर तसा दाखला
- वारसाहक्कानं आलं असेल तर मृत्यूचा दाखला, मृत्युपत्र किंवा वारसांचे कागद
- सगळ्या विक्रेत्यांची पॅन आणि आधार

पॅनबद्दल विशेष सांगतो. ज्येष्ठांची पॅन आधारशी जोडलेली नसेल तर ती निष्क्रिय धरली जाते, आणि मग खरेदीदाराला 1 टक्क्याऐवजी 20 टक्के टीडीएस कापावा लागू शकतो. आईची पॅन आज संध्याकाळीच आयकराच्या संकेतस्थळावर तपासा.

करारांच्या साखळीतला एखादा जुना कागद हरवला असेल तर नोंदणी कार्यालयातून प्रमाणित प्रत मिळते. कर्ज नुकतंच फेडलं असेल आणि बँक मूळ कागद द्यायला वेळ लावत असेल, तर रिझर्व्ह बँकेचा नियम सांगा. पूर्ण परतफेडीनंतर 30 दिवसांत कागद परत द्यायचे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. हा नियम 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे.

4. सोसायटीशी आधीच बोला

आदर्श उपविधींनुसार सदस्याला फ्लॅट विकायला सोसायटीची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, सक्तीची नाही. हस्तांतराच्या इराद्याची 15 दिवसांची नोटीस द्यायची, एवढंच. पण खरेदीदाराची बँक एनओसी मागतेच, तिच्याच नमुन्यात मागते, आणि तिथे कायद्याचा वाद घालून काही हाती लागत नाही. म्हणून पत्र मागावंच लागतं.

अडचण अशी की कमिटीची बैठक महिन्यातून एकदा होते आणि डिसेंबरच्या शेवटी सेक्रेटरी कोकणात किंवा मुलाकडे गेलेले असतात. नोव्हेंबरमध्येच जाऊन सांगा: "काका, फ्लॅट काढतोय. काही बाकी असेल तर आत्ताच सांगा." बाल्कनी बंद केली म्हणून जुना दंड, गळतीचा वाद, मोठ्या दुरुस्तीची राहिलेली वर्गणी, जे काय असेल ते आत्ता बाहेर येऊ दे.

हस्तांतर अधिमूल्य, म्हणजे सोसायटीची ट्रान्सफर फी, महापालिका हद्दीत जास्तीत जास्त 25,000 रुपये, असं राज्य सरकारनं 2001 सालीच ठरवून दिलं आहे. त्यावर "इमारत निधी", "ऐच्छिक देणगी" अशा नावांनी रक्कम मागितली गेली तर ती लेखी मागा. बहुतेक वेळा लेखी काही येत नाही आणि विषय तिथेच थांबतो. काय द्याल ते चेकनं द्या, पावती घ्या.

पार्किंगचंही इथेच स्पष्ट करून घ्या. सामाईक पार्किंग स्वतंत्रपणे विकता येत नाही, ते सोसायटी वाटून देते. तुमच्या जाहिरातीत "कव्हर्ड पार्किंगसह" असं लिहिलं असेल आणि सोसायटी म्हणत असेल की नव्या सदस्याला यादीत शेवटचा नंबर, तर खरेदीदार ताब्याच्या दिवशी भांडेल. इमारत जुनी असेल तर पुनर्विकासाचा प्रश्नही येणारच. मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय जमीन सोसायटीच्या नावे होणं, झालंय का, पुनर्विकासाचा ठराव झालाय का, याची खरी उत्तरं तयार ठेवा.

5. भिंती वाळू द्या, मगच रंग

पावसाळ्यानंतर लगेच, दसऱ्याच्या गडबडीत रंग काढणं ही सर्रास होणारी चूक. भिंतीतली ओल आत असते आणि वर पुट्टी आणि रंगाचा थर बसतो. जानेवारीत नेमकी माणसं बघायला यायला लागतात तेव्हा पोपडे सुटतात. त्याहून वाईट म्हणजे खरेदीदाराला वाटतं की तुम्ही गळती झाकली.

क्रम असा ठेवा. आधी गळतीचं मूळ शोधा: गच्ची, बाहेरच्या भिंतीची चीर, वरच्या मजल्याचं बाथरूम. ते बंद करा. मग खिडक्या उघड्या ठेवून नोव्हेंबरची कोरडी हवा लागू द्या. भिंतीवर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून दोन दिवस ठेवा. आतून पाण्याचे थेंब दिसले तर रंगाऱ्याला अजून बोलवू नका. पूर्ण घराला महागडा रंग देऊन किंमत वाढत नाही, नवे मालक तसेही आपल्या आवडीचा रंग काढतात. हॉल, स्वयंपाकघर आणि ओल आलेली भिंत एवढं पुरे. त्याऐवजी नळ, फ्लश, खिडक्यांचे गज, मुख्य दाराचं कुलूप यांवर खर्च करा. या वस्तू माणूस हात लावून बघतो.

6. दाखवायची वेळ

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून कलता जातो. दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत आतपर्यंत येतं आणि उत्तरेच्या खोल्या दिवसभर गार राहतात. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणजे ऑफिस सुटल्यावर बघायला येणाऱ्याला तुमचं घर अंधारातच दिसतं. रविवारी अकरा ते चार ही वेळ द्या. फोटोही त्याच वेळी काढा. पावसाळ्यानंतरच्या स्वच्छ आकाशात मोबाइलनं काढलेलेही चांगले येतात.

बंद घर असेल तर बघणारे यायच्या तासभर आधी जाऊन खिडक्या उघडा, नळ सोडा. बंद घराचा कुबट वास रूम फ्रेशनरनं झाकत नाही, उलट संशय येतो.

अनुभवी खरेदीदार हिवाळ्यात पाण्याबद्दल विचारतोच, कारण धरणं भरलेली असताना सगळीकडेच पाणी असतं. मागच्या एप्रिल-मेमध्ये सोसायटीनं टँकर मागवले का, हे सोसायटीच्या हिशेबात दिसतं. स्वतःहून दाखवा.

7. किंमत

शेजारच्यांनी सांगितलेला भाव हा बहुधा मागितलेला भाव असतो, मिळालेला नव्हे. नोंदणी विभागाच्या ई-सर्च सुविधेत तुमच्याच इमारतीतल्या अलीकडच्या दस्तांचे इंडेक्स टू बघा. त्यात करारातली किंमत असते. जुन्या करारांत बिल्टअप, म्हणजे भिंतींसकटचं, क्षेत्र असतं आणि आजचा खरेदीदार कार्पेटवर, म्हणजे भिंतींच्या आतल्या जागेवर, मोजतो, म्हणून टेप घेऊन कार्पेट मोजून ठेवा.

खरेदीदाराची खरी कुवत कळायला एक उदाहरण घ्या. फ्लॅट 80 लाखांचा. 30 ते 75 लाखांमधल्या गृहकर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त 80 टक्के देते, म्हणजे 64 लाख. उरलेले 16 लाख त्याचे स्वतःचे. मुद्रांक शुल्क पुण्यात 7 टक्के, म्हणजे 5 लाख 60 हजार, आणि नोंदणी शुल्क कमाल मर्यादेचं 30,000. शुल्काची ही रक्कम सहसा कर्जात बसत नाही. म्हणजे एजंटची दलाली सोडून जवळजवळ 22 लाख त्याच्या हातात हवेत. "कर्ज होऊन जाईल हो" म्हणणाऱ्याला हे 22 लाख कुठून येणार ते नम्रपणे विचारा. खरेदी फक्त स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्या नावे असेल तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. ही माहिती तुम्ही दिलीत तर घासाघीस जरा मऊ होते.

8. विसार आणि करार

विसार घेताना साध्या कागदावर का होईना, पण लिहून घ्या: एकूण किंमत, कोणता हप्ता कधी, कर्जमंजुरीची मुदत, कर्ज नाकारलं तर विसाराचं काय, ताब्याची तारीख आणि घरात काय काय राहणार. पंखे, गीझर, वॉटर प्युरिफायर, किचन ट्रॉली यांवरून शेवटच्या आठवड्यात होणारे वाद मी बघितले आहेत, आणि ते लाखांच्या व्यवहारात हजारांवरून होतात.

थोडी रक्कम रोख घ्या, असं कोणीतरी सुचवेलच. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि घेतल्यास तेवढाच दंड होऊ शकतो. दंड घेणाऱ्याला होतो, म्हणजे तुम्हाला.

कर्जाचा व्यवहार असेल तर बहुधा आधी पूर्ण मुद्रांक शुल्क भरून करार नोंदवला जातो, मग बँक रक्कम सोडते, मग अंतिम खरेदीखत आणि ताबा. तुमच्याच फ्लॅटवर कर्ज असेल तर खरेदीदाराची बँक तेवढा भाग थेट तुमच्या बँकेला देते. दोन बँकांमधल्या या देवाणघेवाणीला वेळ लागतो, तो मार्चच्या शेवटच्या आठवड्यावर टाकू नका.

9. नोंदणीचा दिवस

माहिती आदल्या दिवशीच ऑनलाइन भरून तिचा क्रमांक घ्या आणि नावांचं स्पेलिंग पॅनशी अक्षरन्‌अक्षर जुळतंय का बघा. दोन साक्षीदार, सगळ्यांची मूळ ओळखपत्रं. आईवडील अंथरुणाला खिळलेले असतील तर दुय्यम निबंधकांच्या गृहभेटीसाठी अर्ज करता येतो. फार थोड्या लोकांना हे माहीत असतं.

किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदार 1 टक्का टीडीएस कापतो. 80 लाखांवर 80,000. कपात ज्या महिन्यात झाली तो संपल्यापासून 30 दिवसांत त्यानं ते भरायचे असतात. ते तुमच्या पॅनवर दिसेपर्यंत पाठपुरावा करा, एकदा किल्ल्या गेल्या की खरेदीदाराला आठवण राहत नाही.

शेवटचा हप्ता खात्यात जमा झाल्यावरच किल्ली. चेक दिलाय, उद्या वटेल, यावर नाही. ताबा पावतीवर वीज मीटरचं रीडिंग लिहा आणि फोटो काढून ठेवा.

10. कर, आणि 31 मार्चची दुसरी बाजू

घर दोन वर्षांहून जास्त काळ तुमचं असेल तर नफा दीर्घकालीन धरतात. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला दोन पर्याय आहेत: महागाई निर्देशांकानं खरेदीची किंमत न वाढवता 12.5 टक्के, किंवा ती वाढवून 20 टक्के. वारसानं आलेल्या घरात आईवडिलांची खरेदीची तारीख आणि किंमत धरली जाते. घर 1 एप्रिल 2001 पूर्वीचं असेल तर त्या दिवशीचं मूल्य घेता येतं, त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल करून घ्या. जुन्या पुण्यातल्या फ्लॅटांना याचा मोठा फायदा होतो.

विक्री मार्चमध्ये झाली तर नफा संपत आलेल्या आर्थिक वर्षात पडतो आणि आगाऊ कर लगेच भरावा लागतो. एप्रिलमध्ये झाली तर पुढच्या वर्षात, म्हणजे हाताशी वेळ. खरेदीदाराला मार्चची घाई असते, तुम्हाला ती असेलच असं नाही, आणि हा मुद्दा किमतीच्या बोलणीत वापरता येतो. दुसरं घर घ्यायचं असेल तर विक्रीच्या एक वर्ष आधीपासून दोन वर्षं नंतरपर्यंत घेतलेलं चालतं, बांधायचं असेल तर तीन वर्षं. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत पैसे वापरले गेले नाहीत तर ते बँकेत भांडवली नफा खात्यात ठेवावे लागतात. साध्या मुदत ठेवीत ठेवून ही सवलत मिळत नाही. सीएची भेट विसाराच्या आधी घ्या, कारण दस्त झाल्यावर त्याच्या हातात फारसं काही उरत नाही.

ताबा दिल्यानंतर सोसायटीत भागपत्रावर नवं नाव चढल्याची प्रत, मिळकतकर आणि वीजबिल खरेदीदाराच्या नावे झाल्याचा पुरावा आणि टीडीएसचं प्रमाणपत्र एवढं मिळेपर्यंत फाइल कपाटात वरच्याच खणात राहू द्या. विक्रीच्या दस्ताची आणि रंग-दुरुस्तीच्या बिलांची एक प्रत सीएकडे द्या.